गोळी गळ्याची, मग डोक्यातली गाठ कशी गेली? (थायरॉइड, पिट्युटरी आणि जनुकं)

शनिवारपेठी | ८ जुलै, रात्री १०:४०

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी भाची, वय १९. गेल्या वर्षी तिची पाळी थांबली, वजन वाढलं, डोकं दुखायचं, दिवसभर पेंग. घरच्यांनी "मोबाइल कमी कर" हे सार्वत्रिक निदान केलं. मग तपासण्यांत प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) वाढलेलं निघालं आणि एमआरआयमध्ये पिट्युटरी, म्हणजे मेंदूखालची छोटी ग्रंथी, फुगलेली. रिपोर्टवर ‘अडेनोमा?’ असं प्रश्नचिन्हासकट. एका मोठ्या हॉस्पिटलात नाकातून ऑपरेशन करून गाठ काढू म्हणाले, तारीखही पडली. बहिणीने देव पाण्यात घातले.

आमचे जुने फॅमिली डॉक्टर फाइल चाळून एवढंच म्हणाले, "हिचा टीएसएच कुठाय?" तो कुणी केलाच नव्हता! केला तर शंभराच्या वर. थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, ऑपरेशन बारगळलं. सात महिन्यांनी परत एमआरआय केला तर पिट्युटरी नेहमीच्या मापाची. प्रोलॅक्टिन उतरलं, पाळी सुरू, पोरगी परवा सिंहगड चढून आली.

आनंद आहेच. पण मी कॉमर्सवाला, ताळा जुळला नाही की झोप लागत नाही. गोळी थायरॉइडची, थायरॉइड गळ्यात, आणि गाठ गेली डोक्यातली? डॉक्टरांना विचारलं तर "फीडबॅक असतो हो" म्हणाले आणि बेल वाजवून पुढचा पेशंट आत घेतला. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

मिसळीत_पोहे | ८ जुलै, रात्री ११:०२

देव पाण्यातून बाहेर काढले ना? भाचीला शुभेच्छा. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

कोथरूडची_काकू | ९ जुलै, सकाळी ९:१५

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे, म्हणून माझ्या पद्धतीने सांगते. सोसायटीची गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. पाणी उतरलं की वॉचमन पंप चालू करतो, टाकी भरली की बंद. पिट्युटरी म्हणजे वॉचमन, पंप म्हणजे थायरॉइड आणि टीएसएच म्हणजे वॉचमनने दाबलेलं बटण. लोक म्हणतात "माझा थायरॉइड वाढला", पण वाढलेला असतो टीएसएच, आणि तो थायरॉइडचा नव्हेच, पिट्युटरीचा. टाकी रिकामी आणि वॉचमन बटणावर बोट ठेवून बसलेला, असा त्याचा अर्थ.

तुमच्या भाचीचा पंपच बिघडला होता. वॉचमन बिचारा बटण दाबून दाबून सुजला.

---

शनिवारपेठी | ९ जुलै, सकाळी ९:४१

काकू, एका फटक्यात निम्मं समजलं. पण वॉचमनला टाकी दिसते. पिट्युटरीला काय दिसतं?

---

पाषाणकर | ९ जुलै, दुपारी १२:२०

काकूंची टाकी झकास, फक्त एक दुरुस्ती करतो. हा वॉचमन गच्चीवर जातच नाही. तो आपल्या केबिनमधल्या माठात डोकावतो, आणि त्या माठात पाणी कसं येतं तिथेच सगळी गोम आहे. (निवृत्त माणूस आहे, पेशी वाढवण्यात उमेदीची वर्षं गेली. लांबलं तर पोटात घाला.)

आधी बटण बघू. टीएसएच हे दोन तुकड्यांचं प्रथिन. अल्फा तुकडा एलएच, एफएसएच या पिट्युटरीच्याच दुसऱ्या संप्रेरकांत आणि गरोदरपणातल्या एचसीजीमध्येही अगदी तसाच असतो. टीएसएचचं वेगळेपण बीटा तुकड्यात, आणि त्याची कृती लिहिलेली आहे पहिल्या गुणसूत्रावरच्या टीएसएचबी या जनुकात. जनुक सगळ्याच पेशींत आहे, पण भरभरून वाचलं जातं ते पिट्युटरीच्या पुढच्या भागातल्या थायरोट्रोफ पेशींत. त्या भागातल्या पेशींपैकी या जेमतेम पाच टक्के. पिट-१ आणि गाटा-२ ही दोन प्रथिनं जोडीने जनुकाच्या तोंडाशी बसून त्याला चालू ठेवतात, आणि वरून हायपोथॅलॅमसचं (पिट्युटरीच्या वरचा मेंदूचा भाग) टीआरएच हे संप्रेरक ढोसत असतं. म्हणजे या जनुकाचा स्वभावच चालू राहण्याचा. त्याला गप्प बसवण्याचं काम थायरॉइड संप्रेरकाचं.

आता माठ. थायरॉइडमधून निघतं ते मुख्यतः टी४, म्हणजे चार आयोडीनवालं थायरॉक्सिन. जनुकांशी खरं काम असतं टी३चं, तीन आयोडीनवाल्याचं. माणसाच्या शरीरातला सुमारे ८० टक्के टी३ थायरॉइडच्या बाहेर, टी४चं एक आयोडीन उडवून तयार होतो. ते उडवणारं विकर म्हणजे डायोडिनेज. पिट्युटरीत त्याचा दोन नंबरचा प्रकार, डी२, जोरात असतो. रॅटवरच्या प्रयोगांत असं दिसलं की यकृताच्या पेशी टी३ बहुतांशी रक्तातून आयता घेतात, पण पिट्युटरीच्या पेशींच्या केंद्रकातला जवळपास निम्मा टी३ तिथल्या तिथे टी४पासून बनवलेला असतो. वॉचमन पाणी केबिनमध्येच गाळून पितो म्हणा ना.

म्हणून गंमत अशी होते: रक्तात टी४ घसरला आणि टी३ अजून ठीक असला तरी पिट्युटरीला टंचाई जाणवते आणि टीएसएच चढतो. थायरॉइड नुकताच कुरकुरायला लागलेल्या माणसांच्या रिपोर्टात टी३ नॉर्मल आणि टीएसएच वर का, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

---

तर्कटी | ९ जुलै, दुपारी ३:०५

वाचतोय, पण एक शंका. संप्रेरक रक्तात फिरतं, जनुक केंद्रकात कडीकुलपात. टी३ आत जाऊन जनुकाला "गप्प बस" कोणत्या भाषेत सांगतो? आणि माझ्या वाचनात होतं की टी३ जनुकं चालू करतो. इथे बंद करतो म्हणताय. नक्की काय?

---

मिसळीत_पोहे | ९ जुलै, दुपारी ३:१२

दुपारी १ ते ४ जनुक बंद राहील. चौकशी करू नये.

---

तर्कटी | ९ जुलै, दुपारी ३:१४

हा विनोद पेन्शनीत काढा आता.

---

पाषाणकर | ९ जुलै, रात्री ९:५०

पोहेभाऊंना कल्पना नसेल, पण रक्तातला टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी सगळ्यात खाली असतो. पिट्युटरी पुण्याचीच.

तर्कटी, तुमचा प्रश्न फार नेमका आहे, आणि मला सगळ्यात आवडणारा भागही हाच.

टी३ला पेशीत शिरायला एमसीटी८ सारखी वाहक प्रथिनं लागतात. आत केंद्रकात त्याची वाट बघत ग्राही (रिसेप्टर, म्हणजे संप्रेरक ओळखून धरणारं प्रथिन) बसलेला असतो. कॉर्टिसॉलचा ग्राही संप्रेरक येईपर्यंत केंद्रकाबाहेर थांबतो. थायरॉइडचा तसा नाही. तो आधीच डीएनएवर ठाण मांडून असतो, बहुतेक वेळा आरएक्सआर नावाच्या जोडीदाराबरोबर. टी३ नसताना रिकामा बसत नाही, एनकॉर आणि स्मर्ट नावाची प्रथिनं बोलावतो. ती सोबत एचडॅक३ आणतात. ते डीएनएभोवतीच्या हिस्टोनांवरचे अ‍ॅसिटिल गट खुडतं, गुंडाळी घट्ट होते, जनुक वाचता येत नाही. टी३ येऊन खाचेत बसला की ग्राहीचं शेपूट वळतं, एनकॉरची मंडळी निघून जातात, एसआरसी-१ आणि पी३०० सारखी मदतनीस येतात, अ‍ॅसिटिल गट परत चढतात आणि जनुक सुरू. तुम्ही वाचलंत ते हेच, आणि ते बरोबर आहे. रॅटच्या पिट्युटरीतलं वाढ-संप्रेरकाचं जनुक असंच टी३ने चालू होतं. पिट्युटरीतल्याच गाठीपासून आलेल्या जीएच३ पेशींत आम्ही हे बशीत बघायचो.

आणि त्याच ग्रंथीत, शेजारच्या पेशीत, तोच टी३ टीएसएचबीचा गळा दाबतो. अल्फा तुकड्याच्या जनुकाचाही, आणि वर हायपोथॅलॅमसमधल्या टीआरएचच्या जनुकाचाही. एकच किल्ली, एक दार उघडते आणि दुसरं लावते.

का? इथे शास्त्रज्ञांत अजून भांडण आहे. एक गट म्हणतो की टीएसएचबीच्या सुरुवातीपाशी ‘उलट्या’ वळणाची जागा आहे, ग्राही तिथे बसला की त्याची कामं उलटतात. दुसरा म्हणतो जागेबिगेची गरज नाही. टी३ बसलेला ग्राही थेट गाटा-२च्या अंगाला लागतो आणि त्याचं बळ काढून घेतो. गाटा-२ ढिला पडला की जनुक थंड. पहिल्या गटाकडे उंदरांचा पुरावा आहे: ग्राहीचा फक्त डीएनए पकडणारा भाग बिघडवला तर टीएसएचवरचा लगाम सुटतो. दुसऱ्या गटाकडे पेशींचा पुरावा आहे: ती ‘उलटी’ जागा खोडून टाकली तरी पिट-१ आणि गाटा-२ हजर असले की टी३ दाबून दाखवतो. माझा कल दुसरीकडे, पण उंदरांचं काय करायचं ते मलाही सुटलेलं नाही.

हा ग्राहीही खास असतो. थायरॉइडच्या ग्राहींची जनुकं दोन: अल्फाचं १७व्या गुणसूत्रावर, बीटाचं तिसऱ्या. बीटाचा बीटा-२ हा प्रकार मोजक्याच ठिकाणी सापडतो: पिट्युटरी, हायपोथॅलॅमस, डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी, आतला कान. टीएसएचचा लगाम मुख्यतः त्याच्या हातात.

आरएक्सआरचा पुरावा तर दवाखान्यातूनच मिळाला. त्वचेच्या एका लिम्फोमासाठी बेक्सारोटिन नावाचं औषध देतात, ते आरएक्सआरला चिकटतं. त्या रुग्णांचा थायरॉइड धडधाकट असूनही टीएसएच खाली कोसळतो, मागोमाग टी४ही. औषध कॅन्सरचं, गप्प झालं टीएसएचबी.

---

कोथरूडची_काकू | १० जुलै, सकाळी ८:३०

पाषाणकर, साष्टांग. शिकवताना मी ‘निगेटिव्ह फीडबॅक’ हे दोन शब्द आणि एक बाण काढून पुढे जायचे. त्या बाणात एवढं दडलंय हे माहीत असतं तर पोरांना तास संपेपर्यंत सोडलं नसतं.

एक भर घालते. थायरॉइड संप्रेरक केंद्रकात जाऊन काम करतं ही कल्पनाच एकेकाळी नवी होती, आणि ती रुजवण्यात आपल्या मुंबईत जन्मलेल्या जमशेद टाटांचा मोठा वाटा आहे (शास्त्रज्ञ टाटा, मोटारवाले नव्हेत). १९६०च्या दशकात लंडनच्या मिल हिलमध्ये त्यांनी दाखवलं की संप्रेरक दिल्यावर आधी केंद्रकात आरएनए बनणं वाढतं आणि चयापचयाचा वेग मागून वाढतो. आरएनए बनणंच औषधाने रोखलं तर वेगही वाढत नाही. पुढे त्यांनी बेडकांवर काम केलं. बेडकाच्या पिल्लाला थायरॉइड खाऊ घातला तर ते वेळेआधीच शेपूट गाळतं, हे १९१२ मध्ये गुडरनाच यांनी दाखवलं होतं. ग्राहीची जनुकं मात्र हाती लागायला १९८६ साल उजाडलं. दोन प्रयोगशाळांना एकाच वर्षी मिळाली.

---

शनिवारपेठी | १० जुलै, सकाळी १०:१०

दोन वेळा वाचलं. माझ्या भाषेत ताळेबंद मांडतो, चुकलं तर कान धरा. भाचीचा थायरॉइड बंद पडत गेला, टी४ संपला, केबिनमधला माठ कोरडा. टीएसएचबीवरचा हात निघाला, टीआरएचवरचाही निघाला. पण जनुक जोरात चाललं म्हणून ग्रंथी एवढी कशी फुगेल? आणि प्रोलॅक्टिन कुठून आलं?

---

स्टेथो_आणि_सायकल | १० जुलै, रात्री ११:३०

दवाखाना आवरून आत्ता आलो. ताळेबंद बरोबर आहे, राहिलेल्या दोन नोंदी मी करतो.

महिनोन्महिने लगाम नसला आणि टीआरएच सतत टोचत राहिलं की थायरोट्रोफ पेशी नुसत्या जास्त काम करत नाहीत, त्यांची संख्याही वाढते. पाच टक्क्यांची वस्ती पसरत जाते आणि ग्रंथी फुगते. याला हायपरप्लेझिया म्हणतात. ही गाठ नव्हे, गर्दी. टी४ मिळाला, माठ भरला, जनुक शांत झालं, की गर्दी पांगते. म्हणून ‘गाठ विरघळली’ असं वाटलं. आणि टीआरएच शेजारच्या प्रोलॅक्टिनवाल्या पेशींनाही ढोसतं, म्हणून प्रोलॅक्टिन वाढलं आणि त्यापायी पाळी थांबली. एमआरआयवर गर्दी आणि गाठ पुष्कळदा सारख्याच दिसतात, नुसत्या चित्रावर भलेभले फसतात. पिट्युटरी फुगलेली दिसली की ऑपरेशनचं बोलण्याआधी टीएसएच आणि फ्री टी४ (रक्तात प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा टी४) बघायचा, हे पुस्तकात आहे. तरी राहून जातं. तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

आकड्यांबद्दल, कारण तुम्ही कॉमर्सवाले. टी४ आणि टीएसएचचं नातं सरळ रेषेचं नाही, लॉगरिदमचं आहे. फ्री टी४ निम्मा झाला तर टीएसएच दुप्पट होत नाही, शंभरपटीपर्यंत चढू शकतो. म्हणून टी४ ‘नॉर्मलच्या आत’ असतानाच टीएसएच बोंब मारतो. डोस बदलला की सहा ते आठ आठवडे थांबा म्हणतो त्यामागेही हिशेब आहे: टी४चं अर्धायुष्य सुमारे सात दिवस, नवी पातळी स्थिर व्हायला पाच अर्धायुष्यं धरा. जनुकावरचा टी३चा परिणाम तासांतच सुरू होतो, वेळ लागतो तो टाकी भरायला.

उलटंही होतं. थायरॉइड फार जोरात चालणाऱ्या रुग्णाला औषध दिलं, टी४ जागेवर आला, तरी टीएसएच आठवडे, कधी महिने तळाला पडून राहतो. इतका काळ दाबलेल्या पेशी लगेच उठत नाहीत. त्या काळात टीएसएच बघून डोस ठरवला की चूक होते.

---

तर्कटी | ११ जुलै, सकाळी ७:५५

म्हणजे टीएसएच हा थायरॉइडचा रिपोर्ट नव्हे, थायरॉइडबद्दलचं पिट्युटरीचं मत आहे. मग मत देणाराच बिघडलेला असेल तर?

---

स्टेथो_आणि_सायकल | ११ जुलै, दुपारी २:२०

तर फसगत. पिट्युटरी किंवा हायपोथॅलॅमस आजारी असेल तर टी४ कमी आणि टीएसएच चक्क नॉर्मल दिसू शकतो. कधी किंचित जास्तही, कारण टीआरएच नीट न मिळाल्याने बनलेला टीएसएच अर्धवट घडलेला असतो, मोजमापात भरतो पण कामाला कच्चा. तिथे फ्री टी४ वाचूनच निर्णय.

दुसरा प्रकार दुर्मिळ आहे, पण तुम्हाला आवडेल. बीटा ग्राहीच्या जनुकात दोष असला की टी३ भरपूर असूनही पिट्युटरीला तो नीट ‘ऐकू’ येत नाही. टी४, टी३ दोन्ही वाढलेले आणि टीएसएच खाली जायला तयार नाही. १९६७ मध्ये रेफेटॉफ आणि सहकाऱ्यांनी असं कुटुंब पहिल्यांदा वर्णन केलं, जनुकातला दोष १९८९ मध्ये सापडला. हृदयात मुख्यतः अल्फा ग्राही असतो, तो शाबूत. म्हणून त्याच माणसाची छाती धडधडते. एकाच देहात एक अवयव बहिरा, दुसऱ्याच्या कानठळ्या बसलेल्या.

---

तुळशीबागेतली_राणी | ११ जुलै, दुपारी ४:४८

मध्येच घुसते. माझा टीएसएच गेली चार वर्षं ३च्या आसपास. या वेळी एकदम ०.०५! डोस तोच. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "केसांसाठी काही घेतेस का?" घेत होते, बायोटिन. चार दिवस बंद ठेवून परत रक्त दिलं तर २.८. हे काय गौडबंगाल? केस काही वाढले नाहीत ते वेगळंच.

---

पाषाणकर | ११ जुलै, संध्याकाळी ६:०५

राणीताई, तुमचं जनुक निर्दोष आहे, गडबड यंत्रातली. अनेक लॅबमधल्या चाचणीत बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन यांची घट्ट पकड वापरून टीएसएच धरतात. तुमच्या रक्तात बायोटिनचा पूर आला की त्या जागा आधीच भरतात, टीएसएच धरला जात नाही आणि आकडा खोटा-खोटा खाली येतो. त्याच यंत्रावर फ्री टी४ उलट खोटा वर दिसतो, कारण ती चाचणी वेगळ्या तत्त्वावर चालते. दोन्ही मिळून धडधाकट बाई हायपरथायरॉइड ठरते.

---

आजीचा_बटवा | ११ जुलै, रात्री ८:३०

एवढा खटाटोप कशाला? रोज सकाळी धण्याचं पाणी प्या, कोबी-फ्लॉवर बंद करा. आमच्या शेजारणीचा टीएसएच असाच उतरला.

---

स्टेथो_आणि_सायकल | ११ जुलै, रात्री १०:१५

धण्याचं पाणी खुशाल प्या, पण गोळी घेतल्यावर अर्धा-पाऊण तास साध्या पाण्याशिवाय काहीही नको, चहासुद्धा नको. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब. मीठ आयोडीनचं असेल तर शिजवलेल्या कोबीने काही बिघडत नाही. शेजारणीचा टीएसएच थोडासाच वाढलेला असेल तर तो आपोआपही उतरतो, श्रेय धण्याला मिळतं. फक्त कुणाची चालू गोळी बंद करायला लावू नका. शनिवारपेठींच्या भाचीने गोळी सोडली तर वर्षभरात परत त्याच एमआरआयपाशी येऊ.

---

कोथरूडची_काकू | १२ जुलै, सकाळी ९:००

माझ्या गोळीनंतरच्या पाऊण तासात आमचे हे समोर बसून भुरके मारत चहा पितात. त्याच्यावर कुठला ग्राही आहे का?

---

मिसळीत_पोहे | १२ जुलै, सकाळी ९:०६

आहे. काकांचं तोंड आणि तुमचा पाट्यावरचा वरवंटा. हलके घ्या.

---

शनिवारपेठी | २६ जुलै, रात्री ९:२५

धागा वर आणतोय. अख्खा धागा भाचीला वाचून दाखवला. "म्हणजे माझ्या डोक्यात गाठ नव्हती, गर्दी होती" हे तिला फार आवडलं, लक्ष्मी रोडवरून जाताना दोनदा म्हणाली. पुढची तपासणी या आठवड्यात आहे. एकच शंका: मागचं रक्त सकाळी सातला दिलं होतं. या वेळी कॉलेजमुळे दुपारी दिलं तर चालेल?

---

स्टेथो_आणि_सायकल | २६ जुलै, रात्री ११:१०

टीएसएच दुपारी खाली असतो हे वर आलंच आहे. मागच्या आकड्याशी तुलना करायची असेल तर लॅब तीच, वेळ तीच. आणि त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर.

---

शनिवारपेठी | २६ जुलै, रात्री ११:१४

मग रविवारी सकाळीच नेतो. लॅब उघडी असते का रविवारी?

---

तुळशीबागेतली_राणी | २६ जुलै, रात्री ११:२०

असते, पण सातला पोचा. साडेसातला रांग जिन्यापर्यंत येते.